मॅडमचं निओप्रीन

अमळनेरच्या बाजारपेठेत मे महिन्याच्या भर दुपारी स्वेटर घातलेल्या बाई दिसल्या, तर त्या आमच्याच मॅडम, असं खुशाल समजावं. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असायचं, रसवंतीवाला स्वतःच ओला टॉवेल डोक्यावर टाकून बसलेला असायचा, आणि मॅडम मरून रंगाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून शांतपणे चालत असायच्या. कुणी विचारलंच, तर म्हणायच्या, "बँकेत चाललेय. तिथं एसी असतो."

त्या आम्हाला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. बारीक अंगाच्या, उंच, आवाज खणखणीत. 'साधारण' हा शब्द त्यांच्या वर्गात बंद होता. एकदा तोंडी परीक्षेत माझ्या मैत्रिणीनं सांगितलं, "स्टारफिशला साधारण पाच हात असतात." मॅडमनी चष्मा काढला. "साधारण म्हणजे? घरात पाच आणि बाहेर निघताना सहा?" बिचारी परीक्षा संपेपर्यंत हसू दाबत राहिली आणि त्यातच तिचे पुढचे दोन प्रश्न गेले.

त्यांच्या पर्समध्ये कायम एक थर्मामीटर असायचा. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेतला, लांब नळीचा, जुन्या चष्म्याच्या डबीत कापूस घालून ठेवलेला. हॉटेलात चहा आला की आधी त्यात थर्मामीटर जायचा. वेटर बघत राहायचा. "अहो, हा कोमट आहे. परत तापवून आणा." एका लग्नात तर त्यांनी मठ्ठ्याच्या ग्लासात नळी बुडवली, आणि मुलीचे वडील धावत आले. त्यांना वाटलं, अन्नभेसळवाले आले. मॅडमनी त्यांची समजूत घातली, मठ्ठ्याचं कौतुक केलं आणि तो न पिता बाजूला ठेवला.

हा सगळा विक्षिप्तपणा आहे असं गावाला वाटायचं. त्यामागचं कारण फार थोड्यांना माहीत होतं. मॅडमच्या बोटांना थंडी सोसत नव्हती. गार पाण्यात हात गेला, की बोटांतलं रक्त आखडायचं, ती खडूसारखी पांढरी पडायची आणि मग दुखत दुखत निळी, लाल होत माघारी यायची. तेवढ्या वेळात त्यांना पेनही धरता यायचं नाही. फ्रीजमधून भाजी काढायलासुद्धा त्या हातमोजे घालायच्या.

आणि अशा बाईच्या मनात काय असावं, तर समुद्राच्या तळाशी जायचं.

हे मला कळलं ते त्या निवृत्त झाल्यावर. पण त्याचं मूळ वर्गातच होतं. प्रवाळ शिकवताना मॅडम वेगळ्याच व्हायच्या. समोर बरणीत पांढरा, मेलेला तुकडा असायचा, पण फळ्यावर रंगीत खडूंनी त्या असं काही काढायच्या, की पुढच्या तासाचे सर फळा पुसायला कचरायचे. एकदा कुणीतरी सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही हे खरंखुरं बघितलंय?" मॅडम म्हणाल्या, "नाही." आणि त्यांनी तास पाच मिनिटं आधीच सोडला. त्यांच्या सगळ्या नोकरीत असं दुसऱ्यांदा कधी घडलं नसावं.

निवृत्तीनंतर त्या धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या आणि तिथल्या तलावावर पोहायला शिकू लागल्या. बायकांच्या बॅचमध्ये बाकी सगळ्या कॉलेजच्या मुली. ऊन तापल्यावर, पाणी कोमट झालं की मॅडम उतरायच्या. भाऊ वैतागले होते. "अक्का, या वयात लोक तीर्थाला जातात."

"मग मी कुठं निघालेय? पाण्यातच ना?"

पोहणं जमल्यावर त्या एकट्याच मालवणला गेल्या. नवख्यांना तास-अर्धा तास खाली नेऊन आणतात, तसं काहीतरी होतं. तिथं त्यांना भाड्याचा सूट मिळाला, रबरी, पातळ, मानेशी चेन फाटलेला. प्रत्येक हालचालीला गार पाण्याची धार पाठीवरून खाली जायची. थोडं खाली गेल्यावरच बोटं पांढरी पडली. बरोबरच्या मुलानं खूण केली, 'ठीक?' तेव्हा मॅडमना उत्तरादाखल अंगठा आणि बोट जुळवून गोल करता येईना. त्यानं त्यांना लगेच वर आणलं. प्रवाळ राहिला बाजूला, त्यांना नीट वाळूसुद्धा दिसली नाही.

त्या तिथून धुळ्याला गेल्याच नाहीत. भुसावळला उतरल्या, एसटी धरली आणि बॅगेसकट थेट माझ्या दारात.

मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, मुक्ताईनगरजवळच्या आमच्या गावात केळी पिकवण्याच्या खोल्या चालवतो. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून थंड खोलीत ठेवायची, हवा-वायू सांभाळायचा, ठरल्या दिवशी पिवळीधमक काढायची. प्राणिशास्त्र शिकून मी केळीत गेले याचा मॅडमना राग नव्हता. उलट त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर आनंदच होता.

"तुझ्याकडे थंड खोली आहे. आणि तुला पोहता येतं," त्या म्हणाल्या.

"हो, पण..."

"मग तू माझी जोडीदार. समुद्रात एकटं उतरू देत नाहीत. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असताना अख्ख्या खानदेशात मला थंडी मिळणार कुठं? तुझ्याकडेच."

आबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मॅडम, अठी केयी पिकतात, माणसं नाही पिकत."

"मी आधीच पिकलेय, आबा. मला फक्त टिकायचंय."

आबा हसले, आणि त्यांच्या हसण्यातच परवानगी मिळाली.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. समुद्र बदलता येत नाही, बोटं बदलता येत नाहीत. मधे राहतं ते कापड. तेच चुकलं होतं. तेव्हा स्वतःचा पहिला सूट घ्यायचा, आणि तो कशाचा असावा हे स्वतः ठरवायचं. अंदमानातल्या एका डायव्हिंग शिक्षकाला त्यांनी फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, इथलं पाणी उबदार असतं. पातळ लायक्रा पुरतो." मॅडमनी विचारलं, "कुणाला पुरतो?" तो म्हणाला, "सगळ्यांना." त्या म्हणाल्या, "तुम्हाला पुरत असेल. माझ्या बोटांना विचारून सांगते."

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी हृदय, फुप्फुस सगळं तपासलं, ठणठणीत आहे म्हणाल्या आणि एकच अट घातली. "बोटं पांढरी पडली की वर यायचं, मॅडम. आणि परत पडली, तर हा नाद कायमचा सोडायचा. गारठलेल्या हातानं खाली एक बटण दाबता आलं नाही, तर ते जिवावर बेतेल." मॅडमनी मान डोलावली. वर्गात खोटं बोलायच्या नाहीत तशाच त्या दवाखान्यातही बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणजे आता एकच संधी होती.

शोध सुरू झाला. आम्ही जळगावात एका सीट कव्हरच्या दुकानात गेलो, कारण फोम आणि रबर यांचं थोडंफार ज्ञान तिथं मिळेल असं मॅडमना वाटलं. दुकानदारानं तत्परतेनं विचारलं, "गाडी कोणती?"

"गाडी नाही. मीच."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, अंगाला बसेल असं, पाण्यात ऊब देणारं काही हवंय. त्यानं बराच विचार करून रेक्झिनचा गठ्ठा काढला. "हे घ्या. पाच पावसाळे काही होत नाही." मॅडमनी रेक्झिन गालाला लावलं, चिमटीत धरून ताणलं, त्याचा वास घेतला. "छान आहे. पण हे घालून मला वाकता येईल का?" दुकानदार प्रामाणिक निघाला. "वाकता नाही येणार मॅडम. पण फाटणारही नाही."

मग त्यांनी मुंबईहून, चेन्नईहून निओप्रीनचे तुकडे मागवले. निओप्रीन म्हणजे कृत्रिम रबर, आत गॅसचे बारीक बारीक बुडबुडे कोंडलेले. ऊब रबराची नसते, त्या बुडबुड्यांची असते. हे मला मॅडमनी आमच्या ओट्यावर बसून समजावलं, आणि मला परत पहिल्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. तुकडे सगळे काळे, लांबून दिसायला सारखेच. विकणाऱ्यांच्या लेखी सगळेच उत्तम.

मॅडमनी प्रत्येकाची कड कापली आणि सगळे पाण्याच्या बादलीत दाबून ठेवले. सकाळी पिळले. दोन तुकड्यांतून पाणी गळलं. "हे स्पंज आहेत," त्या म्हणाल्या, "पाणी पितात. बाद." उरलेले त्यांनी फरशीवर मांडले आणि त्यांच्यावर केळीनं भरलेले क्रेट रचायला लावले. खोल पाण्यात दाब वाढतो, बुडबुडे चेपतात, जाड कापडही पातळ होतं. वर आल्यावर ते पुन्हा फुगलं पाहिजे. समुद्राचा दाब काही आमच्या गावात मिळत नव्हता, तेव्हा केळीचा.

आबा येता-जाता बघायचे. "काबरं वो मॅडम, केयीखाली काय पिकवू राह्यल्या?"

"खरं-खोटं," मॅडम म्हणाल्या.

क्रेट उचलले तेव्हा काही तुकडे पापडासारखे चपटे झाले होते आणि तसेच राहिले. दोन तुकडे मात्र हळूहळू अंग सोडवत वर आले, जसा कुणी झोपेतून उठतो. मॅडम खाली बसून ते बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते कौतुक मी वर्गात एखादीनं उत्तम चित्र काढलं की बघायचे.

आता जाडीचा प्रश्न. माझं मत, आबांचं मत, धुळ्याच्या भाऊंचं फोनवरचं मत एकच होतं. थंडी सोसत नाही ना, मग जितकं जाड तितकं चांगलं. मॅडमनाही तेच पटत होतं. पुण्याच्या एका डायव्हिंग क्लबकडून त्यांनी पाच मिलिमीटर जाडीचा जुना सूट उसना आणला. रिकाम्या थंड खोलीत आम्ही एक मोठी टाकी ठेवली, तिचं तोंड कापून मोठं केलं, पाणी भरून गार होऊ दिलं. मॅडम सूट चढवून शिडीवरून आत उतरल्या. दार उघडं ठेवून मी घड्याळ घेऊन शेजारी उभी.

आधी तर त्या बुडेचनात. बुचासारख्या वर. हसू येत होतं, पण हसवेना, कारण छातीवर सूट इतका ताठ होता, की त्यांना श्वास भरून घेता येत नव्हता. कंबरेत मात्र तो ढिला. त्या वाकल्या की आत भसकन पाणी शिरायचं. थोड्याच वेळात त्यांनी हात वर केला. बोटं पांढरी.

मी त्यांना बाहेर काढलं. उन्हात क्रेट पालथा घालून त्यावर बसवलं. आबांनी गरम चहा आणला, मॅडमनी थर्मामीटर न लावता तो दोन्ही तळव्यांत धरला. त्या बोटांकडेच बघत होत्या. मला ते बघवेना.

"मॅडम, डॉक्टर म्हणाल्या तसं... सोडायचं का?"

त्या एकदम उसळल्या. त्यांची माहेरची अहिराणी बोली रागात किंवा आनंदातच बाहेर पडायची. "काबरं? माले काय धाड भरनी शे? बोटं टाकीमा पांढरी पडनात, समुद्रमा नही!"

मग त्यांनी सूट उतरवायला घेतला आणि मधेच थांबल्या. कंबरेतून पाणी वाहत होतं, बादलीभर तरी असेल. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. हात लावला. "कोमट आहे," त्या म्हणाल्या. "अगं, हे कोमट आहे! हे मी तापवलंय. मी पाणी तापवत बसले होते आणि ते पळून जात होतं. दर खेपेला नवीन गार पाणी, परत तापव, परत जाऊ दे. जाड कापडानं काय होणार? जे तापलंय ते अंगाशी धरून ठेवायला हवं."

म्हणजे जाडी नव्हे, माप. पातळ, पण लवचीक. अंगाच्या प्रत्येक वळणाला चिकटून बसेल असं. क्रेटखालून वर आलेल्या दोन तुकड्यांपैकी एक तीन मिलिमीटरचा होता, मऊ, आतून लुसलुशीत अस्तराचा. दुसरा बाहेरून गुळगुळीत, अस्तर नसलेला. तो मॅडमनी ओला करून पंख्यासमोर धरला आणि शेजारी अस्तराचा ओला तुकडा. अस्तराचा गारठत गेला, गुळगुळीत कोरडा पडला. "समुद्रात पाणी, आणि होडीवर वारा," त्या म्हणाल्या. "दोघांचा बंदोबस्त झाला. छातीवर नि पाठीवर हा, बाकी सगळीकडे तो."

चेन्नईच्या एका कारागिरानं सूट शिवायचं कबूल केलं. मी टेप घेऊन मॅडमची मापं घेतली. मनगट, कोपर, मान, पोटरी. मी एका मापाला म्हणाले, "साधारण..." आणि त्यांनी अशी नजर टाकली, की मी ते पुन्हा घेतलं. शिवण चिकटवून वर टाके घातलेली हवी, भोकातून पाणी आत येता कामा नये, हे त्यांनी त्या गृहस्थाला फोनवर तीन वेळा सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच या नि शिवा." त्या म्हणाल्या, "येते!" आणि तो घाबरून म्हणाला, "नको नको, करतो." बरोबर हातमोजे आणि टोपीही त्याच कापडाची.

सूट आला. घालायला मात्र महाकठीण. पाय घोट्याशीच अडकायचा. मग आबांनी केळीच्या घडावर चढवायच्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या आणून दिल्या. पायात पिशवी घातली, की सूट तेल लावल्यासारखा सर्रकन वर. पुन्हा टाकी भरली, पुन्हा मॅडम आत. यावेळी त्या बराच वेळ आत राहिल्या. पाण्यातूनच आबांशी केळीच्या भावावर बोलल्या. बाहेर आल्यावर मोजे काढले. बोटं गुलाबी, नुकत्याच भाकरी थापून उठलेल्या बाईची असावीत तशी. आबांनी टाळी वाजवली. त्यांना मी आयुष्यात टाळी वाजवताना पाहिलं नव्हतं.

अंदमानात कोर्स सुरू झाला तेव्हा तो फोनवरचा शिक्षक समोर आला, तिशीचा, उन्हानं रापलेला, हसरा. मॅडमचा सूट बघून म्हणाला, "एवढा बंदोबस्त? इथं?" मॅडमनी चेन मानेपर्यंत ओढून घेतली. उथळ पाण्यातले सराव त्यांनी सगळ्यांबरोबर केले. मुखवट्यात पाणी भरून बाहेर काढणं, हवेची नळी तोंडातून काढून परत लावणं, एकमेकांना खुणा करणं. माझी नळी परत लावताना धांदल उडाली. मॅडमची नाही.

शेवटच्या दिवशी होडीनं प्रवाळाच्या भिंतीपाशी नेलं. दोरीला धरून आम्ही हळूहळू खाली गेलो. माझे डोळे मॅडमच्या हातांवर. खाली, अजून खाली. शिक्षकानं खूण केली, 'ठीक?' मॅडमनी अंगठा आणि बोट जुळवलं. स्वच्छ गोल. मला नळीतच हुंदका आला, आणि नळीत हुंदका फार विचित्र वाजतो.

मग समोर भिंत आली. जांभळी, पिवळी, शेंदरी, हिरवी. काही फांद्यांसारखी, काही मेंदूसारखी, काही पंख्यासारखी पाण्यात झुलणारी. चिमुकले मासे तिच्यातून आत-बाहेर करत होते. मॅडम तिच्यापुढे अधांतरी थांबल्या, हात छातीशी बांधलेले, काही ढवळू नये म्हणून पाय स्थिर. बुडबुड्यांची एकसारखी माळ त्यांच्या डोक्यावरून वर जात होती. शिक्षक पुढे निघाला, त्यानं मागे बघितलं, थांबला, परत आला. त्या हलायला तयार नव्हत्या. मग मीही त्यांच्या शेजारी थांबले. एका ठिकाणी प्रवाळातून बारीक बारीक हात बाहेर आले होते, पाण्यातलं अन्न टिपत होते. मॅडमनी ते मला बोटानं दाखवलं. ते बोट सरळ होतं, ताकदीचं होतं, वर्गात फळ्याकडे करायच्या तसंच रोखलेलं.

वर आलो तेव्हा वारा सुटला होता. होडीवर दोन तरुण पर्यटक टॉवेलात गुंडाळून कुडकुडत होते. शिक्षकही हात चोळत होता. सकाळपासूनची त्याची ही तिसरी खेप होती. मॅडम होडीच्या टोकाशी वाऱ्यात बसल्या होत्या, मोजे काढून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय झालं, मॅडम? दुखतंय?" मी घाबरून हात धरला. हात गरम होता.

"बठ्ठं जित्तं शे, पोरी," त्या म्हणाल्या. "बठ्ठं. तू दखं ना?"

"दखं," मी म्हणाले. सगळं जिवंत होतं, आणि मीही ते पाहिलं होतं. मला ती बोली येत नाही, पण त्यावेळी दुसरा शब्द सुचलाच नाही.

शिक्षक जवळ आला. त्यानं आधी परवानगी विचारली आणि मग मॅडमच्या बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं. "मॅडम, हे कुठं मिळतं?"

मॅडमनी त्याला सगळं सांगितलं, अस्तर, शिवण, माप, वाऱ्याकडची बाजू. पंधरा मिनिटांचा तास झाला तो, आणि टॉवेलातले दोघेही सरकत जवळ येऊन ऐकायला बसले. तास संपल्यावर मॅडमनी विचारलं, "हवेची अजून एक टाकी भरलेली आहे ना?"

"आहे, पण थोडी विश्रांती घ्या. घाई काय आहे?"

विश्रांती त्यांनी घेतली, नियमानं सांगितली तेवढीच. मग टाकी पाठीवर चढवून त्या होडीच्या काठावर पाठमोऱ्या बसल्या. शिक्षकानं हात वर केला. "तीन म्हटलं की सोडायचं. एक... दोन..."

तो तीन म्हणायच्या आत मॅडम पाण्यात होत्या.